एज ऑफ एम्पायर्स २ : नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाव वसवून फौजा लढवायच्या या कॉम्प्युटर खेळाबद्दल खाली उत्तरं आहेत ती 'डेफिनिटिव्ह एडिशन' या नव्या आवृत्तीच्या ऑनलाइन, एकास एक सामन्यांसाठी, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर अरेबिया या मोकळ्या नकाशासाठी. वेळा खेळातल्या घड्याळाच्या आहेत. हे घड्याळ खऱ्या घड्याळाच्या १.७ पट वेगाने पळतं. नवा पॅच आला की काही किमती बदलतात, त्यामुळे आकडा जुळला नाही तर खेळातला आकडा खरा धरा.

१. माझ्याकडे जुनी सीडीवाली प्रत आहे. तिच्यावर सराव केला तर चालेल का?

मूळ खेळ १९९९ चा, 'कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी २००० ची. खेळाचा पाया तोच आहे, पण ऑनलाइन गर्दी आता २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनवर आहे. शेत आपोआप पुन्हा पेरलं जाणं, कामं रांगेत लावणं या सोयी तिथे आहेत. जुन्या प्रतीवर हात बसवलात तर अर्ध्या सवयी बदलाव्या लागतील. लॅपटॉप साधा असला तरी बिघडत नाही. जास्त बारकाईचं ग्राफिक्स पॅक वेगळं आणि ऐच्छिक आहे, ते उतरवूच नका. रँक्ड, म्हणजे रेटिंगचे सामने खेळण्याआधी खेळ एक बेंचमार्क चाचणी घेतो. तिच्यात १००० गुण मिळाले की झालं. नाही मिळाले तर सेटिंग्ज खाली आणून चाचणी पुन्हा द्या.

२. हॉस्टेलच्या लॅनवर मला कुणी हरवू शकत नव्हतं. ऑनलाइन मात्र ओळीने हरतोय. असं का?

कारण हॉस्टेलमध्ये 'पहिला अर्धा तास कुणी हल्ला करायचा नाही' असा करार असायचा. तिथे जो निवांत किल्ले बांधून हत्तींची फौज उभी करेल तो राजा. ऑनलाइन असा करार कुणी करत नाही, समोरचा बाराव्या मिनिटाला तुमच्या लाकूडतोड्यांच्या अंगावर येतो.

दुसरं कारण रेटिंगचं. प्रत्येकाला सुरुवातीला १००० एलो (रेटिंगचा आकडा) मिळतो आणि १००० चा खेळाडू म्हणजे नवखा नव्हे. त्याला बिल्ड ऑर्डर (सुरुवातीला कोण कुठल्या कामावर जाणार याचा ठरलेला क्रम) येते, हॉटकी (कीबोर्डची शॉर्टकट बटणं) येतात. पहिले काही सामने हरणार हे धरूनच चाला. रेटिंग खाली गेलं की तुमच्या जोडीचे लोक भेटायला लागतात आणि खरा सराव तिथे सुरू होतो. रेटिंग वाचवायला सामने खेळणंच टाळणारे लोक मी पाहिलेत. ते वर्षभर तिथेच असतात.

३. सगळे म्हणतात 'टीसी रिकामं ठेवू नका'. एवढं काय आहे त्यात?

टीसी म्हणजे टाउन सेंटर, गावाची मुख्य इमारत. काम करणारे व्हिलेजर तिथेच तयार होतात, आणि रिकामं म्हणजे व्हिलेजर तयार न करता बसलेलं. नवख्याच्या हरण्याचं एकच कारण विचाराल तर मी हेच सांगेन. युनिट कुठलं, रचना कुठली, संस्कृती कुठली हे सगळं नंतरचं.

हिशोब करून पाहा. एक व्हिलेजर ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. सुरुवातीला तुमच्याकडे तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) असतो. लोकसंख्या २२ झाल्यावर फ्यूडलचं, म्हणजे दुसऱ्या युगात जायचं बटण दाबायचं असेल तर आणखी १८ व्हिलेजर हवेत. १८ गुणिले २५ म्हणजे ४५० सेकंद. मध्ये लूम (व्हिलेजरचं रक्त वाढवणारी टीसीतली सुधारणा) केलं तर त्याचे २५. झाले ४७५ सेकंद, म्हणजे ७ मिनिटं ५५ सेकंद. टाउन सेंटर एक क्षणही थांबलं नाही तर बटण ७:५५ ला दाबलं जातं.

आता तुमचा शेवटचा सामना उघडा. बटण ९:३५ ला दाबलेलं असेल, तर टीसी १०० सेकंद बंद होतं. म्हणजे चार व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. शत्रूने हल्ला करून तुमचे चार व्हिलेजर मारले असते तर तुम्ही कळवळला असता. इथे तेवढंच नुकसान शत्रू दिसायच्या आधी होऊन गेलं आणि तुम्हाला पत्ताही नाही.

टीसी थांबण्याची कारणं तीनच असतात : घर बांधायला विसरलात, अन्न ५० च्या खाली गेलं, किंवा तुम्ही स्काउटची शर्यत बघत बसलात. पहिल्यावर उपाय म्हणजे पुढचं घर मर्यादेला दोन जागा उरलेल्या असतानाच सुरू करणं. एका माणसाला घर बांधायलाही २५ सेकंद लागतात. तिसऱ्यासाठी प्रश्न ७ पाहा.

४. सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत नेमकं काय करायचं?

सुरुवातीला २०० अन्न असतं, म्हणजे चार व्हिलेजर. चौघांना लगेच रांगेत लावा. जागा पाचच लोकांची असते, म्हणून त्याच क्षणी घर हवं. दोन व्हिलेजर मिळून एक घर, तिसरा दुसरं घर. दोन घरांचं ५० लाकूड गेलं की मर्यादा १५ वर जाते आणि बराच वेळ त्याची काळजी राहत नाही.

स्काउटला टीसीभोवती गोल फिरवा. पहिल्या चार मेंढ्या जवळच असतात, उरलेल्या चार दोन-दोनच्या जोडीने थोड्या लांब. मेंढी दिसली की तिला थेट टीसीच्या पायथ्याशी पाठवा. मेंढी नेहमी टीसीला चिकटून मारायची, म्हणजे अन्न टाकायला व्हिलेजरला चालावं लागत नाही. आणि एका वेळी एकच, कारण मेलेल्या जनावराचं अन्न सडत जातं. नवख्यांच्या टीसीखाली चार-चार मेंढ्या कापून पडलेल्या दिसतात, त्यातलं किती वाया गेलं ते कुणी मोजत नाही.

मेंढ्यांवर सहा जण झाले की टीसीचा गॅदर पॉइंट (नवे व्हिलेजर आपोआप जातात ती जागा) झाडांवर लावा. पहिला लाकूडतोड्या १०० लाकडात लंबर कॅम्प बांधेल. कॅम्प झाडांना अगदी खेटून असावा. मध्ये दोन चौकटींची फट राहिली तर प्रत्येक फेरीला ती चालावी लागते.

५. रानडुक्कर आणायला गेलेला व्हिलेजर हमखास मरतो. सोडूनच दिलं तर?

नको. एका डुकरात ३४० अन्न असतं आणि अशी दोन मिळतात. ६८० अन्न म्हणजे फ्यूडलचा पूर्ण खर्च आणि वर १८०.

लोकसंख्या अकराच्या आसपास असताना एक व्हिलेजर पाठवा. डुकराला बाण बसला की मागे वळून टीसीकडे पळवा, मध्ये थांबवू नका. डुक्कर मागे येतंय ना एवढं बघा. अर्ध्यावरून परत वळलं तर पुन्हा एक बाण. टीसीजवळ पोचलं की मेंढ्यांवरच्या सगळ्यांना एकदम डुकरावर सोडा. पळणाऱ्याचं रक्त फारच कमी उरलं तर त्याला टीसीत घाला.

तरीही मरत असेल तर आधी लूम करा. ५० सोन्यात व्हिलेजरचं रक्त २५ वरून ४० होतं. मुरलेले खेळाडू लूम फ्यूडलच्या अगदी आधी करतात. तुम्ही डुकराच्या आधी केलंत म्हणून काही बिघडत नाही.

६. बिल्ड ऑर्डर पाठ करावीच लागते का? असेल तर कुठली?

एकच करा, आणि ती हातात बसेपर्यंत दुसरीकडे बघू नका. माझ्या मते पहिली ऑर्डर स्काउट्सची असावी. सोनं लागत नाही, त्यामुळे एक काळजी कमी.

पहिले ६ मेंढ्यांवर, पुढचे ४ लाकडावर, १ डुक्कर आणायला, ४ बेरीवर (त्यातला पहिला मिल, म्हणजे अन्न जमा करायची इमारत बांधेल), २ परत टीसीखालच्या अन्नावर, शेवटचे ४ लाकडावर. झाले २१ व्हिलेजर आणि १ स्काउट, लोकसंख्या २२. ५०० अन्न देऊन फ्यूडलचं बटण दाबा. युग बदलायला १३० सेकंद लागतात. तेवढ्यात टीसीखालचे तीन-चार जण लाकडावर हलवा आणि १७५ लाकडाचं बॅरॅक्स (पायदळाची इमारत) उभं करा. फ्यूडल लागताच स्टेबल (घोडदळाची इमारत) आणि लाकडाची पहिली सुधारणा, डबल-बिट अ‍ॅक्स. मग ८० अन्नाचा एकेक स्काउट, आणि उरलेल्या लाकडातून ६० लाकडाचं एकेक शेत.

आकडे अगदी तंतोतंत जुळले नाहीत तरी चालतं. बेरीवर चारऐवजी पाच गेले म्हणून कुणी हरत नाही. बॅरॅक्स विसरलात तर मात्र स्टेबल बांधताच येत नाही.

७. हॉटकी शिकल्याच पाहिजेत का? मी माउसवरच खेळतो.

सगळ्या नकोत, तीन तरी हव्यात. एच दाबलं की टीसी निवडलं जातं, मग क्यूने व्हिलेजर. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लढाई चालू असली तरी नजर न हलवता हे दोन्ही जमतं. पूर्णविरामाचं बटण रिकामा बसलेला व्हिलेजर शोधून देतं. कंट्रोल आणि अंकाने फौजेचा गट बांधता येतो.

जोडीला शिफ्ट. शिफ्ट दाबून ठेवून 'घर बांध, मग लाकूड तोड' असं एकाच वेळी सांगता येतं, आणि रिकामे बसणारे निम्मे व्हिलेजर तिथेच कमी होतात.

८. कुठल्या संस्कृतीने सुरुवात करू? भारतीय घेतली तर?

फ्रँक्सने. शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात आणि घोडदळाला २० टक्के जास्त रक्त असतं, त्यामुळे बारीकसारीक चुका पोटात घातल्या जातात. स्काउट्सपासून नाइट्सपर्यंतचा (जड घोडेस्वारांपर्यंतचा) रस्ताही सरळ आहे.

भारतीयांचं आकर्षण समजतं. २०२२ च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'पासून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्राविडी अशा चार वेगळ्या संस्कृती आहेत. पण चौघांपैकी एकालाही नाइट नाही. त्यांच्या जागी उंट, हत्ती, श्रीवंश घोडेस्वार असलं काहीतरी असतं आणि ते कधी, कुणावर काढायचं हे कळायला आधी बाकीचा खेळ कळावा लागतो. गुर्जरांच्या मेंढ्या तर कापण्याऐवजी मिलमध्ये कोंडून ठेवता येतात. मजेशीर आहे, पण पहिल्या महिन्यात डोक्याला ताप. हट्टच असेल तर हिंदुस्तानी घ्या, त्यांचे व्हिलेजर स्वस्त पडतात.

९. आणि मराठे?

नाहीत. खेळाचा काळ साधारण रोमच्या पडझडीपासून १६ व्या शतकापर्यंतचा आहे, शिवकाल त्याच्या नंतरचा. इतिहासाचीच हौस असेल तर राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा एकट्याने खेळण्यासारख्या आहेत.

१०. कशावर काय काढायचं ते लक्षातच राहत नाही.

सुरुवातीला तिकोन पुरतो. घोड्यावर भालाईत, तिरंदाजावर स्कर्मिशर (लांबून भाला फेकणारा), भालाइतावर तिरंदाज. भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडाचा, स्कर्मिशर २५ अन्न आणि ३५ लाकडाचा. दोघांनाही सोनं लागत नाही, म्हणून बचाव नेहमी हल्ल्यापेक्षा स्वस्त पडतो.

नवख्याची गडबड वेगळीच असते. समोर चार घोडेस्वार दिसले की तो भालाईत काढतो, पाचवा तिरंदाज दिसला की स्कर्मिशर, मग पुन्हा भालाईत, आणि सुधारणा एकाचीही झालेली नसते. एक मुख्य युनिट ठरवा, ब्लॅकस्मिथमध्ये (लोहाराच्या इमारतीत) त्याच्या सुधारणा करा, आणि तोड म्हणून दुसरं थोडं जोडीला ठेवा. एकाच युनिटचे वीस, सुधारणांसकट, हे पाच प्रकारच्या वीस जणांना बहुतेक वेळा भारी पडतात.

११. बाराव्या मिनिटाला स्काउट येतात आणि माझी सगळी शेती थांबते. काय करू?

पहिली गोष्ट, टाउन बेल, म्हणजे सगळ्या व्हिलेजरना आत बोलावणारी घंटा वाजवू नका. तीन घोडेस्वारांसाठी घंटा वाजवली की लांब लाकडावर असलेले दहा जणही काम टाकून आत पळतात. ते तिघं कुणालाही न मारता जिंकले. ज्यांच्या अंगावर आले तेवढ्यांनाच हलवा.

दुसरी, शत्रू येण्याआधी कळलं पाहिजे. तुमच्या स्काउटने आठव्या-नवव्या मिनिटाला त्याच्या घरी एक फेरी मारली की स्टेबल बांधतोय की आर्चरी रेंज ते दिसतं. स्टेबल दिसलं तर बॅरॅक्समधून दोन-तीन भालाईत काढून लाकूडतोड्यांजवळ उभे करा. घोड्यांच्या मागे धावू नका, ते कधीच सापडत नाहीत.

तिसरी, भिंत. झाडांच्या मधल्या फटी लाकडी कुंपणाने आणि घरांनी बुजवा. घर तर बांधायचंच असतं, ते फटीत बांधा. पण कुंपण म्हणजे सुटका नव्हे. त्याच्या मागे झोप काढलीत तर समोरचा शांतपणे पुढच्या युगात जातो.

१२. लढाईत हरतो तेव्हा माझ्याकडे हजार लाकूड, हजार अन्न पडून असतं. मग हरलो कसा?

पडून होतं म्हणूनच. खर्च न झालेलं सामान लढत नाही. एकाच स्टेबलच्या रांगेत पंधरा नाइट लावून ठेवले तर पंधरांचे पैसे आत्ता गेले आणि बाहेर एकेकच येणार. त्यापेक्षा तीन स्टेबल बांधा आणि प्रत्येकात दोन-दोन लावा.

कॅसल युगात, म्हणजे तिसऱ्या युगात, आणखी एक खर्च सगळ्यांत आधी : नवं टीसी. २७५ लाकूड आणि १०० दगड. सुरुवातीला मिळालेले २०० दगड बरोबर दोन टीसींचे आहेत, ते फ्यूडलमध्ये १२५ दगडांच्या बुरुजावर उधळू नका. तीन टीसी झाली की प्रश्न ३ चा हिशोब तीनपट लागू होतो, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी.

१३. कॉम्प्युटरशी खेळून सुधारणा होते का?

पहिल्या पंधरा मिनिटांपुरती नक्की होते. डेफिनिटिव्ह एडिशनमधला कॉम्प्युटर फुकटचं सामान घेत नाही, त्यामुळे अवघड पातळ्याही प्रामाणिक आहेत. मात्र तो माणसासारखा घाबरत नाही आणि फसवतही नाही. बिल्ड ऑर्डर बसवायला तो ठीक. त्याआधी खेळातल्याच 'आर्ट ऑफ वॉर' या सराव-धड्यांमधली सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेची कसोटी करा, तिथे वेळेप्रमाणे पदक मिळतं. सुवर्ण मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा केलेली ती एक कसोटी दहा आंधळ्या सामन्यांपेक्षा जास्त शिकवते.

१४. हेरा आणि वायपर यांचे सामने रोज बघतो, तरी रेटिंग हलत नाही.

ते दोघं जगातले अव्वल खेळाडू. त्यांची करमणूक घ्या, नक्कल करू नका. हेरा हरणं स्काउटने ढकलत टीसीखाली आणतो तेव्हा त्याचं टीसी चालू असतं. तुम्ही ढकलायला जाता तेव्हा तुमचं बंद पडतं. त्यापेक्षा टी-नाइंटी हा समालोचक कमी रेटिंगच्या लोकांचे सामने समालोचनासह दाखवतो ते बघा. त्यात तुम्ही स्वतः दिसाल. आकडेमोड आवडत असेल तर स्पिरिट ऑफ द लॉ हे यूट्यूब चॅनेल.

खरा उपयोग स्वतःच्या रेकॉर्डिंगचा. पूर्ण बघायची गरज नाही, हरलेल्या सामन्याची पहिली दहा मिनिटं पुरतात. तीनच गोष्टी टिपा : फ्यूडलचं बटण कधी दाबलं, लोकसंख्येची मर्यादा कितीदा आडवी आली, आणि पहिला हल्ला झाला तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात. लढाई कशी हरलो ते बघण्याचा मोह होतो, पण ती बहुतेक वेळा तोवर हरलेलीच असते.

१५. मित्रांबरोबर टीम गेम खेळलो तर चालेल?

चालेल, मजाही जास्त. पण टीमचं रेटिंग वेगळं असतं आणि चौघांच्या गर्दीत आपल्या चुका झाकल्या जातात. कडेचा खेळाडू आणि मधला, म्हणजे पॉकेट, यांची कामं वेगळी : कडेचे बहुधा तिरंदाज काढतात, पॉकेट घोडदळ. मार्केट बांधलं की मित्राला सामान पाठवता येतं, पण वाटेत कर कापला जातो. मदत मागायला चॅटमध्ये ३ टाइप केलं तर अन्न, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड असं बोलून ऐकवलं जातं. ११ लिहिलं की हसतात.

१६. नकाशावरचं सोनं संपलं. आता?

भालाईत, स्कर्मिशर आणि हलकं घोडदळ. ही 'ट्रॅश' फौज सोन्याशिवाय होते. मार्केटमध्ये लाकूड-अन्न विकून थोडं सोनं मिळतं, पण दर विक्रीला भाव पडत जातो. मंक (साधू) पाठवून रेलिक (नकाशावरचे पवित्र अवशेष) आणून ठेवले असतील तर ते अशा वेळी थेंब थेंब सोनं देत राहतात. टीममध्ये मित्राच्या मार्केटशी व्यापार हाच कायमचा मार्ग. एकास एकमध्ये तो नसतो, म्हणून सोन्याची शेवटची खाण कुणाच्या हातात आहे यावर असे सामने ठरतात.

१७. हे सगळं एरिना, नोमॅड, पाण्याच्या नकाशांवर लागू पडतं का?

टीसीचा हिशोब सगळीकडे. बाकी नाही. एरिनात दगडी भिंत आधीच असते, तिथे फ्यूडलचे स्काउट फुकट जातात. बहुतेक जण थेट कॅसल युगाकडे पळतात. नोमॅडमध्ये टीसीच नसतं, व्हिलेजर विखुरलेले असतात. आधी जागा शोधून टीसी बांधायचं, तोवर प्रश्न ४ बाजूला ठेवा. पाण्यावर डॉक लवकर, आणि मासेमारीच्या होड्या या तुमच्या जादा व्हिलेजर समजायच्या.

१८. समोरच्याचं सगळं जाळलं, तो हार मानत नाही आणि सापडतही नाही. सामना संपतच नाही. उपाय आहे?

आहे, आणि त्याचं थोडं समाधानही मिळतं. अशा लोकांचा एखादा व्हिलेजर नकाशाच्या कोपऱ्यात झाडांमागे बसलेला असतो. आधी आठ-दहा हलके घोडेस्वार वेगवेगळ्या कडांनी शिफ्ट दाबून फिरवा. कोपरे आणि जंगलाच्या आतल्या मोकळ्या जागा सोडू नका. तरी नाही सापडला तर इंपीरियल या शेवटच्या युगात जाऊन किल्ल्यातून 'स्पाइज' करा, शत्रूला दिसतं ते सगळं तुम्हालाही दिसायला लागतं. त्याची किंमत शत्रूच्या प्रत्येक व्हिलेजरमागे २०० सोनं असते, म्हणून भर सामन्यात ती परवडत नाही. एकच उरला असेल तर २०० सोन्यात काम होतं.